निर्दोष असण्याची अट

ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये, सहाव्या खंडाच्या सुरुवातीलाच, विणकामाची एक पैज लागते. लिडिया प्रांतातली अराक्नी ही लोकर रंगवणाऱ्या बापाची पोर. घराणं नाही, पैसा नाही. हातात कसब मात्र असं, की लोक तयार कापड बघायला येत तसे ती विणत असतानाही बघायला येत. हे कसब आपल्याला अथीनेनं दिलं, हे ती कबूल करत नाही. मग खुद्द अथीनाच माग मांडून तिच्यासमोर बसते. (ओव्हिड देवांची रोमन नावं वापरतो, या लेखात ओळखीची ग्रीक नावं ठेवली आहेत.) अथीनेच्या कापडावर मधोमध बारा देवांची सभा उमटते आणि चार कोपऱ्यांत, देवांशी बरोबरी करायला गेलेल्या माणसांना झालेल्या शिक्षा. अराक्नीच्या कापडावर येतो युरोपाला पळवणारा बैल, लीडावर झेपावणारा हंस, डॅनाईवर बरसणारं सोनं. देवांनी सोंगं घेऊन बायकांना कसं फसवलं, त्यांच्यावर कशी जबरदस्ती केली, याची ही वीसेक दृश्यं. या कामात खोट काढणं अथीनेलाही जमत नाही. म्हणून ती कापड फाडते आणि हातातला धोटा अराक्नीच्या कपाळावर तीन-चार वेळा हाणते. अराक्नी गळफास लावून घेते. तेव्हा देवीला दया येते आणि ती तिचा कोळी करून टाकते.

एका कापडावर शिक्षा होत्या, दुसऱ्यावर गुन्हे. ग्रीक पुराणातल्या शिक्षा झालेल्या बायकांच्या गोष्टी गेल्या शंभर वर्षांत, आणि विशेष करून २०१७ नंतर, ज्या जोमानं नव्यानं लिहिल्या गेल्या, त्यांचा हिशेब मांडायला ही दोन कापडं उपयोगी पडतात. मेड्युसा, मेडिआ, क्लायटेम्नेस्ट्रा, कॅसँड्रा, ब्रायसीस, सर्सी, ओडिसिअसच्या घरच्या दासी: यांतल्या प्रत्येकीवर आज किमान एक तरी कादंबरी, नाटक किंवा कविता आहे. त्या सगळ्यांनी अथीनेचं कापड उलटं धरून पाहिलं, हे खरं. पण उलटं धरून दाखवलं काय? बाई निर्दोष होती, हे? की तिला शिक्षा देणारी व्यवस्थाच न्याय करण्याच्या लायकीची नव्हती, हे? वरवर सारख्या वाटणाऱ्या या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर आहे. बहुतेक पुस्तकं पहिल्या वाटेनं जातात. लक्षात राहतात ती दुसऱ्या वाटेची.

जुन्यांनीही शंका घेतली होती

‘मूळ’ कथा बायकांच्या विरोधातली आणि नवी कथा त्यांच्या बाजूची, अशी सोपी वाटणी केली तर ती टिकत नाही, कारण ग्रीक पुराणात ‘मूळ’ असं एक काही नाहीच. मेड्युसाचंच घ्या. इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासचा हेसिअड सांगतो की तीन गॉर्गन बहिणींपैकी मेड्युसा तेवढी मर्त्य होती आणि समुद्रदेव पोसायडननं वसंतातल्या फुलांच्या कुरणात तिच्याशी संग केला. देऊळ नाही, बलात्कार नाही, शापही नाही. सुंदर मुलगी, अथीनेच्या देवळात झालेला अत्याचार आणि त्याची शिक्षा म्हणून केसांचे झालेले साप, ही आपल्या ओळखीची कथा येते ती सुमारे सात शतकांनी, ओव्हिडकडे.

तिथेही ती सांगतो कोण, हे पाहण्यासारखं आहे. पर्सिअसच्या लग्नाची मेजवानी चालू आहे. वर आपले पराक्रम सांगतोय. पंगतीतला एक जण विचारतो, तीन बहिणींत हिच्याच केसांत साप का? पर्सिअस जेमतेम दहा-बारा ओळींत उत्तर देऊन मोकळा होतो. मेड्युसावरच्या अत्याचाराची एवढी एक साक्ष, आणि तीही तिचं मुंडकं उडवणाऱ्याच्या तोंडून, त्याच्याच लग्नात. दोन खंड पुढे अराक्नी आपल्या कापडावर पोसायडन आणि मेड्युसा विणते. तो उल्लेख एका ओळीहून मोठा नाही, पण एका शिक्षा झालेल्या बाईची नोंद दुसरी शिक्षा होऊ घातलेली बाई करते आहे, हे ओव्हिडच्या वाचकाला दिसत होतं.

असे खोचक संशय ग्रीकांनाही सुचत होते. जिच्यासाठी ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनला नावं ठेवणारी कविता केली म्हणून स्टेसिकोरस या कवीची दृष्टी गेली, मग ‘ती ट्रॉयला गेलीच नव्हती’ अशी माफीची कविता लिहिल्यावर ती परत आली, अशी दंतकथा होती. युरिपिडीसनं इ. स. पू. ४१२ मध्ये त्याच धाग्यावर ‘हेलन’ हे नाटक रचलं. त्याआधी इ. स. पू. ४१५ मध्ये त्यानं ‘ट्रोजन विमेन’मध्ये विजयाच्या दुसऱ्या दिवशीचा, गुलाम म्हणून वाटल्या जाणाऱ्या बायकांचा तळ रंगमंचावर आणला. आणि इ. स. पू. ४३१ ची त्याची मेडिआ, एकदा बाळंत होण्यापेक्षा तीनदा रणात उभं राहणं पत्करलं असं भर नाटकात सांगते. त्या वर्षीच्या स्पर्धेत तीन नाटककारांत युरिपिडीसचा नंबर तिसरा लागला. ओव्हिडनं तर ‘हेरॉइडीस’मध्ये पेनेलोपी, ब्रायसीस, मेडिआ, अरिअ‍ॅडनी यांना आपापल्या पुरुषांना पत्रंच लिहायला लावली आहेत.

तेव्हा बाईला ‘आवाज देणं’ ही एकविसाव्या शतकाची कल्पना नव्हे. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की अथेन्सच्या रंगमंचावर मेडिआचा मुखवटा चढवणारा पुरुष असे, तिचे शब्द लिहिणारा पुरुष असे आणि त्यावर निवाडा देणारे परीक्षकही पुरुषच.

शतकभराची तयारी

बायकांनी स्वतः हे लिहायला घेतलं त्याची सुरुवात कवितेत झाली. अमेरिकन कवयित्री एच. डी. हिची १९१७ मधली युरिडिसी पाताळातून, तिला परत न्यायला आलेल्या नवऱ्यावर, ऑर्फिअसवर संतापते: तुझ्या एका उतावळ्या नजरेपायी मी दुसऱ्यांदा मेले. विरहाच्या अजरामर गाण्यांचा नायक इथे एक आत्ममग्न पुरुष ठरतो. मार्गेरित युर्सनारनं १९३६ मध्ये ‘फ’ या फ्रेंच संग्रहात, नवऱ्याचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती ॲगामेम्नॉन याचा, खून करणाऱ्या क्लायटेम्नेस्ट्राला थेट न्यायाधीशांसमोर उभं केलं. ती खुनाची कबुली देते. सुटका मागत नाही. ही क्लायटेम्नेस्ट्रा अजूनही ताजी वाटते. त्याचं कारण पुढे येईल.

वैचारिक बाजू सत्तरच्या दशकात उभी राहिली. जुन्या साहित्याकडे नव्या डोळ्यांनी मागे वळून पाहणं हा बायकांसाठी हौसेचा नाही, तगून राहण्याचा प्रश्न आहे, असं अ‍ॅड्रिएन रिच यांनी १९७१ च्या एका निबंधात मांडलं. १९७५ मध्ये एलेन सिक्सूचा मेड्युसाच्या हसण्यावरचा फ्रेंच निबंध आला. फ्रॉइडनं मेड्युसाच्या मुंडक्यात पुरुषाची खच्चीकरणाची भीती पाहिली होती. सिक्सूचं म्हणणं, तिच्याकडे सरळ बघण्याचं धाडस करा. ती मारत नाही, ती हसते आहे. बायकांनी लिहावं, स्वतःच्या शरीरासकट लिहावं, हा त्या निबंधाचा आग्रह होता आणि मेड्युसा त्याचं निशाण झाली.

पण या तयारीच्या काळातलं सगळ्यात भक्कम काम मला पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा वोल्फ यांचं वाटतं. ‘कसांड्रा’ (१९८३) हे मरणाच्या काही तास आधीचं स्वगत आहे. ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा मायसिनीच्या दारात, ॲगामेम्नॉननं लुटून आणलेल्या गुलामांच्या गाडीत बसली आहे. आत काय होणार ते तिला ठाऊक आहे. अपोलोचा शाप, म्हणजे तिला भविष्य दिसेल पण त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, वोल्फनी गाळलेला नाही. पण त्यांचा सगळा भर ट्रॉयच्या राजवाड्यावर आहे. त्यांच्या कथेत हेलन ट्रॉयमध्ये नाहीच. हे राजाला माहीत आहे, दरबाऱ्यांना माहीत आहे आणि तरी तिच्यासाठी युद्ध चालू आहे. युमेलोस नावाचा अधिकारी हळूहळू पहारे वाढवत नेतो, आधी परक्यांवर आणि मग घरच्यांवर. काय बोलायचं, कुणाला शत्रू म्हणायचं, हे ठरवून दिलं जातं. खरं बोलणाऱ्या मुलीवर विश्वास न बसायला तिथे देवाच्या शापाची गरजच उरत नाही. पूर्व जर्मनीत या कादंबरीसोबतची व्याख्यानं छापताना काही मजकूर कापला गेला. कॅसँड्राला शिक्षा कोण करतं, हे तिथल्या वाचकांना वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

२०१७ नंतरचा पूर

ऑक्टोबर २०१७ मध्ये लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘मी टू’ मोहिमेची लाट उसळली. पुढच्याच वर्षी पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ आणि मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ या कादंबऱ्या आल्या. दोन्ही त्याआधी लिहायला घेतलेल्या होत्या, पण वाचकांच्या हाती पडल्या त्या नेमक्या त्या हवेत. मग रांगच लागली. नॅटली हेन्सच्या ‘अ थाउजंड शिप्स’ (२०१९) आणि ‘स्टोन ब्लाइंड’ (२०२२), जेनिफर सेंटच्या ‘अरिअ‍ॅडनी’ (२०२१) आणि ‘इलेक्ट्रा’ (२०२२), कोस्तान्झा कझातीची ‘क्लायटेम्नेस्ट्रा’ (२०२३). कवितेत फिओना बेन्सनच्या ‘व्हर्टिगो अँड घोस्ट’नं (२०१९) झ्यूसला सरळ सराईत बलात्कारी म्हणून उभा केला आणि फॉरवर्ड पारितोषिक मिळवलं.

यांतल्या पुष्कळ कादंबऱ्यांचा साचा एकच आहे. मुखपृष्ठावर बाईचं नाव, आत तिचं प्रथमपुरुषी निवेदन, बालपणापासून सुरुवात, आई किंवा बहिणीशी जिव्हाळा, एक दगाबाज नायक आणि शेवटी स्वतःची ओळख पटणं. चार-पाच वाचल्या की क्रीटची राजकन्या आणि मायसिनीची राणी एकाच समुपदेशकाकडे जात असाव्यात असं वाटू लागतं. देवाधर्माची खरीखुरी भीती, कुळाच्या अब्रूचं ओझं, गुलामी ही नेहमीचीच गोष्ट मानणारं मन, हे त्या जगातलं परकेपण पानापानागणिक विरघळत जातं.

बार्कर या साच्यात बसत नाहीत. ‘इलियड’चं सगळं भांडण ब्रायसीसवरून सुरू होतं: ॲगामेम्नॉन तिला अकिलीसकडून हिसकावून घेतो. पण ती स्वतः बोलते ती थेट एकोणिसाव्या खंडात, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी, चौदा ओळी. त्या विलापात ती जाता जाता सांगते की अकिलीसनं तिच्या नवऱ्याला मारलं आणि तिचे तीन भाऊ त्याच दिवशी गेले. बार्करनी या चौदा ओळींचा तळ उपसला आहे. नवऱ्याला मारणाऱ्याच्या बिछान्यात रात्री काय होतं, सकाळी धुणं कोण धुतं, जखमींच्या तंबूत कसला वास येतो, बायका आपसात कुणाच्या वाटणीला कोण आलं हे कसं बोलतात. भाषा मुद्दाम रांगडी, इंग्रज शिपायांच्या बराकीतली. कादंबरीच्या मध्यानंतर निवेदन अधूनमधून अकिलीसकडे जातं आणि काही समीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं: बायकांची कथा म्हणता आणि पुन्हा त्यालाच जागा देता? मला हा दोष वाटत नाही. गुलाम बाईच्या आयुष्याचा नकाशा मालकच आखतो, हे बार्कर झाकत नाहीत. आपण त्याच्या गोष्टीत अडकलो होतो, आपली गोष्ट आता कुठे सुरू होते आहे, हे ब्रायसीसच शेवटी म्हणते.

चांगल्या बाईची सही

आता मूळ प्रश्नाकडे. होमरची सर्सी ओडिसिअसच्या माणसांना डुकरं करते आणि त्याचं कारण सांगत नाही. ती देवी आहे, बेट तिचं आहे, एवढं पुरेसं असतं. मिलरच्या सर्सीला मात्र कारण दिलं आहे: आसऱ्याला आलेल्या खलाशांच्या कप्तानानं तिच्यावर बलात्कार केला, तेव्हापासून ती येणाऱ्या पुरुषांचं असं करते. प्रसंग ताकदीनं लिहिलेला आहे, वाचक पूर्णपणे तिच्या बाजूला जातो. पण या दुरुस्तीची किंमतही आहे. होमरच्या सर्सीला आपल्या सहानुभूतीची गरज नव्हती. मिलरच्या सर्सीला ती मिळावी म्हणून आधी तिला जखमी व्हावं लागलं. बाईनं काही भयंकर केलं असेल तर त्याआधी तिच्यावर त्याहून भयंकर काही झालं पाहिजे, हा नियम अनेक नव्या कथा न बोलता पाळतात. कझातीच्या क्लायटेम्नेस्ट्राला ॲगामेम्नॉननं तिचा पहिला नवरा आणि तान्हं बाळ मारल्याची जुनी हकीकत याच कामी येते. ही हकीकत युरिपिडीसमध्ये आहे, बनावट नाही. पण तिच्यावर किती भार टाकला जातो, ते पाहावं.

मेडिआच्या बाबतीत तर पुनर्कथन करणाऱ्यांपुढे सरळ दोन रस्ते असतात. पोटची मुलं तिनं मारली असं युरिपिडीस दाखवतो. ती कोरिंथच्या लोकांनी मारली, असंही एक जुनं कथन होतं. क्रिस्टा वोल्फनी ‘मेडिआ’ (१९९६) या सहा आवाजांच्या कादंबरीत दुसरं कथन उचललं. इथे कोरिंथच्या राजवाड्याखाली राजाच्याच मुलीची हाडं पुरलेली आहेत. ते गुपित मेडिआला कळतं आणि मग शहर मिळून या परक्या बाईवर एकेक आळ घालत जातं, शेवटी मुलांच्या खुनाचाही. दोन जर्मनी एक झाल्यानंतर, वोल्फ यांच्यावर स्वतःवर जाहीर चिखलफेक झाल्यानंतरचं हे पुस्तक आहे. बळीचा बकरा कसा शोधला जातो, याचं इतकं बारीक चित्र क्वचितच सापडेल. तरी पुस्तक मिटल्यावर हुरहुर राहते, कारण या मेडिआनं काहीच केलेलं नाही. युरिपिडीसची मेडिआ मुलांची प्रेतं घेऊन, आजोबा सूर्यदेवाच्या रथात बसून, शिक्षेविना निघून जाते आणि प्रेक्षक सुन्न होऊन बघत राहतो. तिला काय म्हणावं हे त्याला कळत नाही. वोल्फच्या मेडिआला काय म्हणावं हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असतं.

मेड्युसाची आजची लोकप्रियता याच जागी अडखळते. अर्जेंटिनात जन्मलेल्या लुचानो गरबाती या शिल्पकारानं २००८ मध्ये एक उलटं शिल्प घडवलं: मेड्युसा उभी आहे, एका हातात तलवार, दुसऱ्यात पर्सिअसचं मुंडकं. फ्लॉरेन्समध्ये सोळाव्या शतकापासून उभ्या असलेल्या चेलिनीच्या पर्सिअसला दिलेलं हे उत्तर. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याची सात फुटी ब्राँझ प्रत न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत बसवली गेली. त्याच न्यायालयात काही महिने आधी हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीन याच्यावर लैंगिक अत्याचारांचा खटला चालला होता. आक्षेप लगेच आले आणि रास्त होते. अत्याचार पोसायडननं केला, मग मुंडकं पर्सिअसचं का? आणि सूड घेणाऱ्या बाईचा देह इतका गुळगुळीत, मासिकाच्या कव्हरसारखा का? मेड्युसाला न्याय द्यायच्या घाईत आरोपीच बदलला आणि खरा गुन्हेगार समुद्रात सुखरूप राहिला.

हेन्सनी ‘स्टोन ब्लाइंड’मध्ये इथे अधिक शहाणपण दाखवलं आहे. त्यांचा पर्सिअस भित्रा आणि गोंधळलेला आहे, पण कादंबरीला जास्त रस आहे तो त्याला तलवार, ढाल आणि परवानगी पुरवणाऱ्या देवांच्या बैठकीत. कापलेलं मुंडकंही त्यांच्याकडे बोलतं आणि मरणानंतरची मेड्युसा बिलकूल क्षमाशील नाही.

शिक्षा देणाऱ्या बायका, शिक्षा भोगणाऱ्या दासी

या कथांचा अवघड भाग पुरुष देवांचा नाही, देवींचा आहे. मेड्युसाला आणि अराक्नीला शिक्षा अथीना करते. कॅलिस्टोवर झ्यूस आर्टेमिसचं रूप घेऊन अत्याचार करतो. मग गरोदरपण उघड झाल्यावर आर्टेमिस तिला आपल्या मेळ्यातून हाकलते आणि हेरा तिचं अस्वल करते. एक गुन्हेगार, शिक्षा देणाऱ्या दोन, आणि दोघीही बाया. समाजमाध्यमांवर यावर एक तोडगा फिरत असतो: अथीनेनं मेड्युसाला शाप दिला नाही, पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून संरक्षण दिलं. अत्याचारातून सावरलेल्या कितीतरी जणी मेड्युसा गोंदवून घेतात त्यामागेही ही भावना असते आणि त्या भावनेचा आदर राखलाच पाहिजे. पण ओव्हिडच्या मजकुरात याला आधार नाही. तिथे देवी तोंड फिरवते आणि गुन्हा विनाशिक्षा राहू नये म्हणून पीडितेलाच शिक्षा करते. हे गोड करून घेतलं की कथेतली सर्वांत ओळखीची गोष्ट हातची जाते. सत्तेत वाटा मिळालेली बाई त्या सत्तेचे नियम किती निष्ठेनं राबवते, हे अथीनेइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही. एस्किलसच्या इ. स. पू. ४५८ मधल्या नाट्यत्रयीत, आई क्लायटेम्नेस्ट्राला मारणाऱ्या ओरेस्टीसच्या खटल्यात अपोलो म्हणतो की आई ही खरी जन्मदात्री नव्हेच, ती बीज सांभाळणारी. आणि आईविना जन्मलेली अथीना त्याच्या बाजूनं मत टाकते. समसमान मतांवर ओरेस्टीस सुटतो. क्लायटेम्नेस्ट्राच्या बाजूनं लिहिणाऱ्या कादंबऱ्या या खटल्यापर्यंत क्वचितच जातात. तिच्या दुःखावर त्या रेंगाळतात, या निकालपत्रावर नाही.

आणि राण्यांच्या खाली कोण होतं? ‘ओडिसी’च्या बाविसाव्या खंडात ओडिसिअस घरात घुसलेल्या वरेच्छूंना मारतो. घरात पन्नास दासी आहेत. त्यांपैकी बारा जणी वरेच्छूंबरोबर झोपल्या म्हणून दोषी ठरतात. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं उचलून घेतली जातात, रक्तानं माखलेली मेजं आणि फरशा पुसून घेतल्या जातात. मग त्याचा मुलगा टेलेमॅकस जहाजाचा एक दोर ताणतो आणि बाराही जणींना ओळीनं फासावर देतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांची उपमा देऊन होमर पुढे सरकतो. मार्गारेट ॲटवुडच्या ‘पेनेलोपिअ‍ॅड’नं (२००५) त्याला तिथेच थांबवलं. निवेदन ओडिसिअसच्या बायकोचं, पाताळातल्या पेनेलोपीचं आहे, मिस्कील आणि स्वतःची बाजू सावरणारं. पण प्रकरणांच्या मधोमध बारा दासींचा वृंद घुसत राहतो: कधी दोरीवरच्या उड्यांच्या गाण्यात, कधी मानववंशशास्त्राच्या खोट्या व्याख्यानात, कधी ओडिसिअसवरच्या खटल्यात. पेनेलोपी कबूल करते की वरेच्छूंवर नजर ठेवायला दासींना तिनंच पाठवलं होतं. त्यांना वाचवायला ती आली नाही. झोपून राहिली होती, म्हणते. खटल्यात न्यायाधीश, ती वेळच वेगळी होती अशा सबबीवर प्रकरण काढून टाकतो. ॲटवुडनी इथे एका दगडात दोघांना टिपलं आहे: नायकाला, आणि नायकाच्या जागी बसवलेल्या नव्या नायिकेला. राणीला आवाज मिळाला की झालं, असं मानणाऱ्या पुढच्या सगळ्या कादंबऱ्यांवरची टीका या छोट्या पुस्तकात आगाऊच लिहून ठेवलेली आहे.

आपल्याकडचा एक वेगळा स्वर

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना अहल्या आठवणारच. साम्य वरवरचं नाही. वाल्मीकींच्या बालकांडात अहल्या गौतमाच्या वेशातल्या इंद्राला ओळखते आणि तरी कुतूहलानं होकार देते. तिला शाप मिळतो तो कुणाला न दिसता, राखेत पडून, वायुभक्षण करत राहण्याचा. शिळा नंतरच्या कथांमध्ये येते आणि नंतरच्या अनेक कथांत ती पूर्णपणे फसवली गेलेलीही असते. तिच्या बाजूनं उभं राहायचं तर तिची इच्छा आधी पुसून टाकावी लागली.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) ही सवलत कुणालाच दिली नाही. द्यूतसभेत ओढून आणलेल्या द्रौपदीनं, स्वतःला हरलेला माणूस मला पणाला कसा लावतो, हा प्रश्न विचारला, तो तिच्या धैर्याचा कळस म्हणून आपण वर्षानुवर्षं शिकलो. इरावतीबाई म्हणतात, ती तिची मोठी चूक होती. अशा वेळी कायद्याचा काथ्याकूट करायला नको होता. या मताशी भांडता येतं आणि अनेकांना ते पटत नाही. पण चूक करू शकणारी, तिचा जाब विचारता येणारी द्रौपदी हे मोठं देणं आहे, आणि ते देताना इरावतीबाई सभेतल्या पुरुषांना कणभरही सोडत नाहीत. ग्रीक बायकांच्या नव्या कादंबऱ्यांपैकी फार थोड्यांना हे दोन्ही एकदम साधतं.

गुन्हेगार असण्याचा हक्क

हे साधलेलं सगळ्यात थोर पुस्तक नावानं ग्रीक नाही. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई कुटुंबासह केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पकडणारे दाराशी आले तेव्हा मुलं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला. अकरा वर्षांनी टॉमस सॅटरव्हाइट नोबल या चित्रकारानं तिचं चित्र काढलं, ‘द मॉडर्न मेडिआ’. तिच्यावर खुनाचा खटला चालावा, असं गुलामगिरीच्या विरोधकांचं म्हणणं होतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांचं गणित अचूक होतं. खुनाचा आरोप ठेवायचा तर ती माणूस आहे, स्वतःच्या कृतीला जबाबदार आहे आणि मुलगी हीसुद्धा माणूस होती, हे कायद्याला मान्य करावं लागलं असतं. न्यायालयानं पळून गेलेल्या गुलामांचा कायदा लावला. गार्नर ही मालमत्ता ठरली आणि मालकाला परत मिळाली. टोनी मॉरिसननी हे बीज घेऊन ‘बिलव्हेड’ (१९८७) लिहिली. तिच्यातली सेथी निर्दोष नाही आणि कादंबरी तिला निर्दोष ठरवतही नाही. मारलेली मुलगी परत येऊन घरात ठाण मांडते, हिशेब मागते. पण ज्या व्यवस्थेत आईपुढे एवढाच पर्याय उरतो, ती व्यवस्था वाचकाच्या नजरेआड एका पानापुरतीही होत नाही.

गार्नरच्या प्रकरणानं ग्रीक बायकांकडे बघायची नजर बदलते. निर्दोष ठरवणं म्हणजे प्रत्येक वेळी न्याय देणं नव्हे. कधी कधी ती माणूसपण काढून घेण्याची सभ्य रीत असते. युर्सनारची क्लायटेम्नेस्ट्रा म्हणूनच टवटवीत राहते: तिनं मारलं, तिला ते ठाऊक आहे आणि ती कोर्टाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते. बेन्सनच्या कविता आणि वोल्फची कॅसँड्रा दुसऱ्या टोकानं तेच काम करतात. त्या बाईचं चारित्र्य तपासत बसत नाहीत, सत्तेचं तपासतात.

पुनर्कथनांचा पूर इतक्यात ओसरेल असं दिसत नाही. हेन्सनीही २०२५ मध्ये मेडिआवरची कादंबरी आणली आहे. तेव्हा पुढचं पुस्तक हातात घेताना वाचकानं दोनच गोष्टी पाहाव्यात. नायिकेवर प्रेम करायला लावण्यासाठी लेखकानं तिच्या हातून काय काय काढून घेतलं? आणि ज्यानं शिक्षा ठोठावली त्याला, किंवा तिला, किती पानं उत्तरं द्यायला लावली? मेड्युसाला कुणी काही विचारलं नव्हतं. फासावर गेलेल्या बारा जणींनाही नाही. नव्या कथाकारानं त्यांना सोडवलंच पाहिजे असं नाही. त्यांची जबानी घ्यावी, पोसायडनला, अथीनेला आणि ओडिसिअसला त्याच पिंजऱ्यात बोलवावं आणि मग निकाल आपल्यावर सोपवावा. तो या बायकांच्या विरोधात गेला, तरी त्यांच्यावर चाललेला तो पहिला खटला असेल.